तपासणीच्या खोलीतला जुना मॉनिटर

मित्रांनो, मी संगणकाचा एक जुना मॉनिटर आहे. पाठीला भलंमोठं कुबड असलेला, अर्धं टेबल अडवणारा. माझ्या जातीचे आता फारसे दिसत नाहीत.

एके काळी मी कचेरीत मानाने बसत असे. तिथल्या बाई मला रोज मऊ फडक्याने पुसायच्या, घरी जाताना शिवलेला झगा चढवायच्या. मग सडपातळ मॉनिटर आले आणि माझी रवानगी या तपासणीच्या खोलीत, चाकांच्या टेबलावर झाली.

इथे नवे सर्व्हर येतात. सर्व्हर म्हणजे पुष्कळ जणांची कामं एकट्याने ओढणारा दणकट संगणक. तो खोक्यातून निघाला की तपासणीच्या ताई मला ढकलत त्याच्याजवळ नेतात आणि वायर जोडतात. त्याची पहिली अक्षरं माझ्याच काचेवर उमटतात. मग तो कुठल्याशा थंड, कुलूपबंद खोलीत जातो, पुन्हा काही भेटत नाही. सुईणीला कोण लक्षात ठेवतं?

एकदा एका दवाखान्यासाठी तीन सर्व्हर आले. दोन झटकन सुरू झाले. तिसऱ्याला जोडलं, तर माझ्या काचेवर मिट्ट काळोख. ताईंच्या साहेबांनी मला दोन थापडा मारल्या.

"ताई, हे म्हातारं गेलं. उद्या भंगारवाला येतोय, देऊन टाका."

"सर, आत्ताच तर दोघांचं दाखवलं त्याने."

"म्हाताऱ्यांचं असंच. बसल्या बसल्या जातात."

"तुमची पन्नाशी परवाच झाली ना सर?"

साहेब हसले, पण ऐकतील कसले! स्वतःच्या टेबलावरचा नवाकोरा मॉनिटर उचलून घेऊन आले. तो जोडला, तर तोही काळाठिक्कर.

"आता हाही गेला म्हणायचा का?" ताईंनी विचारलं.

मग ताईंनी सर्व्हर उघडला, मला पुन्हा जोडलं. आतल्या मेमरीच्या सगळ्या पट्ट्या काढून एकाच खाचेत एकेक लावून बघू लागल्या. पहिलीला अक्षरं आली, दुसरीलाही. तिसरी लावली, काळोख. तीच पट्टी चांगल्या सर्व्हरमध्ये घातली. तिथेही काळोख.

"सापडलीस गं बये!" ताई म्हणाल्या.

नवी, चकचकीत, कुणाचा हातही न लागलेली ती पट्टीच खराब निघाली होती; म्हणून सर्व्हर सुरूच होत नव्हता.

साहेबांनी मान खाजवली. "भंगारवाल्याला चहा पाजा आणि परत पाठवा."

मित्रांनो, एक दिवस मलाही जायचंच आहे, त्याचं काही नाही. पण समोर काळोख दिसला, तर तो दाखवणाऱ्याला आधी थापड मारू नका. बिचारा खरं तेच दाखवत असेल.