रिकाम्या विमानातली माणसं

काटेकाकांचं खरं आडनाव विमानतळावर कुणालाच आठवत नव्हतं. मालवाहू विमानात कुठला खोका कुठे ठेवायचा, हे ते ठरवत. भार पुढे जास्त झाला तर विमान नाक उचलायला तयार होत नाही, मागे जास्त झाला तर भलत्या वेळी उचलतं. या दोन्हींतला काटा साधायचा, म्हणून काटेकाका. त्यांच्या सहीशिवाय विमान हलत नसे, आणि ही गोष्ट ते घरीदारी कुणाला विसरू देत नसत.

मग कंपनीनं नवं यंत्र आणलं. विमानाच्या पायांतच सेन्सर बसवले. कुठल्या चाकावर किती भार, ते थेट पडद्यावर. जमिनीवरचा जुना वजनकाटा भंगारात गेला. काका चार दिवस फुरंगटून बसले, पण उद्घाटनाचं बटण त्यांच्या हातून दाबायचं ठरलं आणि रुसवा कुठल्या कुठे पळाला.

उद्घाटन विमानातच झालं. चेअरमन, संचालक, त्यांचे मेहुणे, मेहुण्यांचे मित्र, सोफे, कुंड्या, लाउडस्पीकर. हा सगळा लवाजमा पार शेपटीकडे, कारण फोटोग्राफरला तिथला उजेड आवडला. यंत्र बसवायला आलेली इंजिनिअर काकांच्या कानाशी लागली.

"अहो, आत्ता शून्य लावायचंय. विमान रिकामं पाहिजे. यांना जरा खाली उतरायला सांगा ना."

काकांनी चेअरमनकडे पाहिलं. चेअरमननी कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हं, दाबा!"

मालक म्हणतील ती पूर्व दिशा. काकांनी बटण दाबलं, टाळ्या पडल्या. यंत्र बिचारं आज्ञाधारक. सोफे, कुंड्या आणि मेहुण्यांसकट जे काही होतं, त्याला त्यानं रिकामं विमान मानलं. फोटो मात्र झकास आला. काकांनी तो मोठा करून बैठकीच्या खोलीत लावला.

यंत्र भलतंच गुणी निघालं. मंडळी घरी गेली, पण यंत्राच्या हिशेबी ती अजून विमानातच होती आणि त्यांचं वजन ते रोज वजा करत होतं. त्यामुळे रोज विमान दोन टन हलकं दिसू लागलं. मॅनेजरसाहेबांनी कारण विचारलं नाही, दोन टन माल वाढवला. आंधळा मागतो एक डोळा, तशातली गत. चेअरमननी वार्षिक सभेत 'वाढीव क्षमता' जाहीर केली. वजा होणारी मंडळी शेपटीकडची, त्यामुळे यंत्र असंही म्हणे की भार नाकाकडे जास्त आहे, म्हणून काका माल मागे सरकवत. त्यांच्या डोळ्यांना ते पटत नसे. पण पडद्याशी वाद घालून कुणाचं भलं झालंय?

काकांच्या लेकीचं लग्न नुकतंच त्याच कंपनीतल्या को-पायलटशी झालं होतं. रविवारी दोघं जेवायला आली.

"बाबा, हल्ली विमान चक्रम झालंय," जावई म्हणाला. "मी ओढायच्या आधीच नाक उचलतं. परवा कॅप्टननी अक्षरशः दाबून धरलं."

"घ्या हो जावईबापू, लाजू नका," काका वाढण्यात दंग होते.

जावयाची नजर भिंतीवर गेली. "शून्य लावतानाचा फोटो ना हा? मग ही एवढी जत्रा आत काय करतेय?"

काकांनी वाढायचा डाव खाली ठेवला. दोन टनांचा अर्थ त्यांना त्या क्षणी कळला. समोर लेक नवऱ्याच्या ताटात भात वाढत होती. दुसऱ्या दिवशी दुपारचं उड्डाण त्याच नवऱ्याचं होतं. काकांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी मान वर केली नाही.

सकाळी ते मॅनेजरच्या खोलीत हजर झाले.

"पुन्हा शून्य?" मॅनेजर ओरडले. "चेअरमननी सभेत सांगितलेले दोन टन परत घ्यायचे? आणि बटण कुणी दाबलं होतं? फोटोत तुम्हीच आहात, काका."

"आहे ना," काका म्हणाले. "मग असं करा साहेब, आज तुम्हीही चला. पायलटच्या मागे एक सीट मोकळी आहे. येताना मिसेसना घेऊन या."

मॅनेजरना एकाएकी बरीच कामं आठवली. त्यांनी माल चढवणं थांबवलं, इंजिनिअरला बोलावलं आणि चेअरमनना फोन केला, कारण मालकांना वगळून शून्य लावलं असतं तर तो अपमान झाला असता.

चेअरमन आले ते पुन्हा लवाजम्यासकट. तोच फोटोग्राफर. सगळे शिडी चढू लागले. काका वर दारात आडवे उभे राहिले. खाली गणवेशात जावई उभा होता.

"सरका, काका."

"साहेब, खाली उतरा."

कंपनीत हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं.

"विमान माझं आहे!"

"म्हणूनच घोटाळा झाला. मागच्या खेपेला तुम्ही आत होता, आणि यंत्रानं तुम्हाला शून्यात धरलं."

"मला? शून्यात?"

"सगळ्यांनाच, साहेब."

चेअरमनना ते इतकं झोंबलं की ते मेहुण्यांना ढकलतच खाली उतरले. "हं, दाबा आता!" ते खालून गरजले. "माझ्याशिवाय दाबा! बघू दे त्या यंत्राला!"

काकांनी स्वतः आत वाकून पाहिलं. एक कुंडीसुद्धा नव्हती. मग बटण दाबून तेही उतरायला लागले, तशी इंजिनिअर खालूनच ओरडली, "अहो, तुम्हीसुद्धा आधी उतरा ना!" काका ओशाळले, खाली आले, आणि शेवटी तिनंच खालच्या कळीनं शून्य लावलं. दोन टन माल जमिनीवर राहिला. काकांची नोकरी राहणार की नाही, हे मात्र चेअरमननी सांगितलं नाही.

संध्याकाळी फोन वाजला.

"बाबा, पोचलो. आज नाक मी सांगितल्यावरच उचललं."

काकांनी फोन काकूंच्या हातात दिला, स्टुलावर चढले आणि भिंतीवरच्या सगळ्या मान्यवरांना खाली उतरवलं.