मोरेश्वरकाकांचा चिनी थर्मास

मी एक थर्मास बोलतोय. जन्म चीनमधल्या सुचौचा, मुक्काम न्यू जर्सीतलं पार्सिपनी. पोटात पाणी घातलंत तर दिवसभर गरम ठेवीन, एवढंच मला येतं.

निवृत्तीआधी कंपनीने मोरेश्वरकाकांना चार महिने सुचौला पाठवलं होतं. तिथे ज्याच्या त्याच्या हातात गरम पाणी, म्हणून त्यांनीही मला घेतलं. भाषा येत नव्हती. पण गेस्ट हाउसचा म्हातारा पहारेकरी रोज सकाळी मला भरून द्यायचा आणि काकांना बाकावर शेजारी बसवून घ्यायचा. दोघं मुकाट्याने पाणी प्यायचे. काकांना तितकं खूश मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

इथे आल्यावर त्यांनी माझ्यात आल्याचा, दुधाचा चहा भरला. सुचौत असलं पाप कुणी केलं नसतं. वास अजून गेलेला नाही. पुढे काकू वारल्या. मी ओट्यावर पालथा पडून राहिलो, आणि काका सोफ्यावर.

मग मराठी मंडळाने ‘आजचा चीन’ या विषयावर काकांचं भाषण ठेवलं. त्यांना हुरूप आला. महिनाभर स्लाइड्स चालल्या होत्या. त्याच महिन्यात शेजारी एक चिनी आजोबा लेकीकडे राहायला आले. सकाळी पायरीवर एकटेच बसायचे. एकदा काकांच्या हातात मला पाहून त्यांनी आपला थर्मास उंच धरला आणि सरकून जागा केली. काकांनी लांबूनच हात हलवला आणि आत आले. चीनचा अभ्यास राहिला होता ना!

भाषणात वेगवान गाड्या आल्या, चौकाचौकातले कॅमेरे आले. टेबलावर नमुना म्हणून मी होतो. पहारेकऱ्याबद्दल अवाक्षर नाही. टाळ्या मात्र भरपूर पडल्या.

परतताना गाडीत नात अबोलीने विचारलं, “आजोबा, नेक्स्ट डोअरच्या चायनीज आजोबांचं नेम काय आहे?”

“विचारलंच नाही गं,” काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तीनदा घासलं, नुसतं उकळतं पाणी भरलं आणि शेजारची बेल वाजवली. लेक बाहेर आली. बाबा शनिवारीच चीनला परत गेले, म्हणाली. इथे शेजारी बसायला कुणी नाही म्हणून कंटाळले होते.

काका आपल्या पायरीवर येऊन बसले, बाजूला एकाची जागा सोडून. माझं झाकण त्यांनी उघडलंच नाही.

तुमच्या शेजारीही कुणी असं बसत असेल, तर आधी तिथे जा हो. भाषणं मागाहून करा. संध्याकाळी काकांनी मला सिंकमध्ये रिकामं केलं, तेव्हाही पाण्याला वाफ येत होती.