एका चौकटीत दोन भाषा

"मॅडम, हे नियम ठरवताना आम्हाला कुणी विचारलं होतं का?"

हा प्रश्न खरं तर माझ्या बाकावरच्या मायाक्काचा. तिनं तो माझ्या वहीच्या मागच्या पानावर लिहिला होता आणि खाली दम भरला होता, 'विचारून दाखव, नाहीतर आठवडाभर माझी सायकल पुसायची.' पलीकडून लावण्यानं कोपर मारलं. मागच्या वर्षीची मी असते तर मुकाट्यानं सायकल पुसली असती. पण या वर्षी प्रार्थनेनंतरच्या बातम्या मी वाचते, माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातात. उठले आणि विचारलं.

हॉलमध्ये हशा पिकला. ऋतुजा मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या मूळच्या नातेपुत्याच्या, आता पुण्यात कॉम्प्युटरचं काम करतात. वेबपान कसं बनतं ते सांगायला शाळेत आल्या होत्या. पानातल्या प्रत्येक तुकड्याला एक खूण लावायची असते: हे शीर्षक, ही यादी, हा मजकूर मराठी. आपल्याला ती खूण दिसत नाही, फोनला दिसते. या खुणांचे नियम जगभर एकच.

"नव्हतं विचारलं," त्या म्हणाल्या. "म्हणून आता विचारतेय. नव्या नियमांचा मसुदा सगळ्यांसाठी उघडा ठेवलाय. वीस तारखेपर्यंत कुणीही हरकत घेऊ शकतं. तू वाचणार का?"

"वाचणार की!"

मग त्यांनी पडद्यावर एक कलम दाखवलं आणि माझे कान तापले. लिहायच्या प्रत्येक चौकटीला भाषेची एकच खूण, असं त्यात होतं.

कान का तापले, ते सांगते. माझा वीरभद्रप्पामामा कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीला धान्याचा व्यापार करतो. पाच वर्षांपूर्वी त्याची नजर गेली. तरी पोत्यात हात घालून तूर किती वाळलीय ते तो सांगतो. फोन त्याला सगळं वाचून दाखवतो. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी त्याला ऑर्डरचं पान बनवून दिलं. गिऱ्हाइकानं चौकटीत लिहायचं, मामानं ऐकायचं. महिनाभर झकास चाललं. येईल त्याला मामा सांगायचा, "आता मला वाचून दाखवायला माणूस लागत न्हाय. भाचीनं सोय केलीया."

आणि मग बसलिंगप्पा नावाच्या जुन्या गिऱ्हाइकाची ऑर्डर आली. दुधनीकडची माणसं बोलायला मराठीत सुरू करतात आणि संपवतात कन्नडमध्ये. लिहितानाही तेच. पहिली ओळ मराठीत होती: दहा पोती तूर पाठवा. दुसरी कन्नड लिपीत: पण गुरुवारी पाठवा, उद्या आम्ही सगळे लग्नाला चाललोय. मी अख्ख्या चौकटीला मराठीची खूण लावून ठेवलेली. फोननं पहिली ओळ वाचली आणि दुसरीवर गप्प बसला. अडखळला नाही, कुरकुरला नाही. मामाला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी टेम्पो बसलिंगप्पांच्या कुलूपबंद गोदामासमोर संध्याकाळपर्यंत उभा.

बसलिंगप्पा चिडले असते तर बरं झालं असतं. ते मायेनं म्हणाले, "वीरभद्रप्पा, आता एखादा डोळस माणूस ठेव गड्या." तेव्हापासून मामा बाजारात कमी बोलतो. आणि आमच्या घरी माझ्या वडिलांनी, अप्पांनी, ठरवून टाकलं, हा पोरखेळ पुरे, महिनाअखेर ते पान बंद.

चूक माझी होती, कबूल. पण मसुद्यातलं कलम तसंच राहिलं, तर माझी चूक सगळ्या जगाचा नियम होणार होती!

त्याच संध्याकाळी मी हरकत लिहिली. इंग्रजी माझं बेताचं, म्हणून वाक्यं छोटी ठेवली. मागण्या दोन केल्या. एका चौकटीत दोन भाषा आल्या, तर दोन खुणा लावू द्या. आणि फोनला एखादा तुकडा वाचता येत नसेल, तर त्यानं गप्प बसू नये, 'इथं अजून काहीतरी लिहिलंय' एवढं तरी सांगावं.

तिसऱ्या दिवशी नियम करणाऱ्या गटातल्या एका गृहस्थांचं उत्तर आलं. आभार मानून त्यांनी लिहिलं होतं की असं मिश्रण क्वचितच होतं, गरज असेल त्यांनी दोन चौकटी ठेवाव्यात.

"क्वचित?" मायाक्का उसळली. "लावण्याच्या घरी या म्हणावं एकदा. हिची आई तेलुगूत रागावती आन् मराठीत जेवायला बोलावती."

"रागावणंसुद्धा निम्मं मराठीतच असतंय," लावण्या म्हणाली.

मग काय, दोन दिवस मधल्या सुट्टीत आम्ही तिघी वर्गावर्गात सांगत हिंडलो: घरच्यांना विचारा, नावं खोडा आणि दोन भाषांत लिहिलेले खरे निरोप आणून द्या. त्रेपन्न जमले. मराठीत तेलुगू, मराठीत कन्नड, मराठीत उर्दू. एका निरोपात तर तीन लिप्या होत्या आणि विषय काय, तर येताना कोथिंबीर आण.

चोपन्नावा निरोप बसलिंगप्पांचा. तो द्यायचा तर मामाची फजिती जगासमोर मांडायची. भीत भीत फोन लावला.

"मामा, ती टेम्पोची गोष्ट लिहू का? तुझं नाव नाही घालत."

"का? मी काय चोरी केलीया? नाव घाल. बसलिंगप्पाला मी इचारतो."

दोन चौकटींचा उपाय सांगितला, तेव्हा मामा महिन्याभरात पहिल्यांदा खो खो हसला. "आगं दानू, माणूस निम्मं बोलणं ह्या खिशात आन् निम्मं त्या खिशात घिऊन फिरतंय व्हय?"

हे वाक्य मी जसंच्या तसं इंग्रजीत केलं, निरोपांच्या सगळ्यात वर टाकलं आणि चोपन्नही निरोप गटाला पाठवले. ऋतुजा मॅडमना विचारून आमच्या पानालाही ठिगळ लावलं: कन्नड अक्षरं आली की त्या तुकड्याला कन्नडची खूण. मग मामाला बसलिंगप्पांची जुनी ऑर्डर पुन्हा उघडायला लावली. फोननं दोन्ही ओळी वाचल्या. मामा नुसता "हं" म्हणाला आणि पुन्हा एकदा वाचायला लावली.

एकोणीस तारखेला गटाचं पत्र आलं. मामाचं वाक्य त्यांनी बैठकीत मोठ्यानं वाचलं होतं. फोन गप्प बसतो, हा मुद्दा आजवर कुणी मांडलाच नव्हता म्हणे. कलम परत चर्चेला घेतलंय. बुधवारी संध्याकाळी साडेसहाला खुली ऑनलाइन बैठक आहे, तुम्ही येऊन बोलाल का?

मला बोलावणं! मी ते तीनदा वाचलं. बुधवारी साडेसहाला माझी ट्यूशनची विज्ञानाची परीक्षा होती. ते वेळापत्रक एकदाच वाचून भागलं.

रात्री जेवायला बसलो. अव्वानं, म्हणजे आईनं, ताटात भाकरी टाकली आणि अप्पांनी विचारलं, "महिना संपायला दहाच दिवस राहिले. ते पान बंद केलंस का?"

"अप्पा, अव्वा, ऐका," मी म्हणाले. बातम्या वाचायचाच आवाज लागला. "पान बंद होणार नाही. मी ते दुरुस्त केलंय आणि कालपासून मामा त्याच्यावरच ऑर्डरी घेतोय. दुसरं, बुधवारी मी परीक्षेला बसणार नाही. शनिवारी देईन, सरांना विचारलंय. बुधवारी नियम करणाऱ्यांच्या बैठकीत मी बोलणार आहे. मामा दुधनीहून येतोय, तो माझ्या शेजारी बसणार. तुम्ही दोघंही बसा. फक्त अप्पा, मधे बोलायचं नाही."