दारावरचा नारिंगी कागद

भांडायला सांगा, मी कुणाशीही भांडेन आणि तोंडावर भांडेन, पण खोटं बोलणार नाही. हे मी आयुष्यभर सगळ्यांना ऐकवत आले. फक्त त्रेसष्ट सालचा ऑक्टोबर आडवा येतो, आणि तो आठवला की अजून माझी मान खाली जाते.

कुवेतला तेव्हा आम्ही साल्मियात राहत होतो, तीन मजली बिल्डिंगीत, दुसऱ्या मजल्यावर. माझे मिस्टर अशरफ एका अमेरिकन तेल कंपनीच्या स्टोअरवर क्लार्क होते. बिल्डिंगीत बाकी सगळे साहेबलोक. एक फ्लॅट रिकामा पडला होता, तो आम्हांला मिळालेला. म्हणून जिन्यात चपला वाजवायच्या नाहीत, मोठ्यानं बोलायचं नाही. दाभोळच्या खाडीवरची मी, आणि बांगडा तळायचा तर आधी खिडक्या लावून घ्यायच्या. एवढ्यावरून ओळखा माझी काय अवस्था होती ते.

घरात माझी आठ वर्षांची लैला, आणि माझी सासू, रहिमाअम्मा. अम्मा रमजानच्या आधीच आमच्याकडे आली होती, इथूनच हज करून आली आणि आता गावी जायच्या बोटीची वाट बघत होती. हजहून तिनं स्वतःसाठी एकच मोलाची वस्तू आणली, स्वतःचं कफन. मक्केतल्या झमझमच्या विहिरीच्या पवित्र पाण्यात भिजवलेलं, तिथल्याच उन्हात वाळवलेलं पांढरं सुती कापड. आमच्यात म्हातारी माणसं ठेवतात तसं. दर शुक्रवारी ती ट्रंक उघडायची, घडीवरून हात फिरवायची, कापराच्या वड्या नीट लावायची आणि परत ठेवून द्यायची. "ह्याच्यातच मना माती द्या," एवढंच तिचं आमच्याकडे मागणं होतं.

खालच्या मजल्यावर मिसेस बार्टन राहायची, ह्यांच्या साहेबाची बायको. त्या महिन्यात तिनं सगळ्यांच्या दाराखालून एक चिठ्ठी सरकवली. एकतीस तारखेला पोरं भुतं-चेटकिणी होऊन दारोदार फिरणार, मिठाई मागणार. त्यांच्या देशात म्हणे घरं सुटी सुटी, अंगणात दिवा लावला की पोरांना कळतं इथं जायचं. बिल्डिंगीत जिन्याचा दिवा सगळ्यांचा मिळून एक. म्हणून ज्याला पोरं आलेली चालतील त्यानं दारावर नारिंगी कागद लावायचा.

चिठ्ठी सगळ्यांना गेली, आमच्या दाराखाली मात्र आली नाही. मला कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. मी तडक खाली गेले आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, आमच्या दाराला काय झालंय? ती बिचारी लाल झाली. म्हणाली, तुमच्या धर्मात चालत नसेल असं वाटलं. मी म्हटलं, आमच्यात सगळं चालतं. लैलालाही पोरांत घ्यायचं तिनं कबूल केलं. संत्र्याच्या पेटीतून नारिंगी कागद काढून मी दोन दिवस आधीच दाराला चिकटवला.

नारळाच्या वड्या केल्या. लैलाला राणी करायचं म्हणून लाल गरारा शिवला, गोटा लावून. पोर तोंड फुगवून बसली. तिला भूतच व्हायचं होतं, सगळी होणार म्हणून. मी एक धपाटा घातला आणि कामाला लागले. आणि अम्माला सांगितलं, "आज संध्याकाळी तुम्ही मागच्या खोलीतच बसा, पोरं दंगा करतील." दंग्याचं खोटं कारण होतं. मला तिच्या विटलेल्या लुगड्याची आणि मिश्रीनं काळ्या झालेल्या दातांची लाज वाटत होती. अम्मा "बरं" म्हणाली.

मगरिबची नमाज झाली आणि दार वाजलं. उघडते तर सहा-सात पोरं पिशव्या पुढे करून उभी, मागे तीन मडमा. मधोमध एक छोटं भूत, डोक्यापासून पायापर्यंत पांढरं, डोळ्यांच्या जागी कात्रीनं कापलेली दोन भोकं. मी हसत हसत वडी टाकायला वाकले आणि कापराचा वास आला.

मला सगळं कळलं. मी वड्या कागदात बांधत होते, अम्मा नमाजाला उभी होती, तेव्हा कार्टीनं ट्रंक उघडली होती आणि जिन्यातून गुपचूप खाली पोरांत जाऊन मिळाली होती. तेव्हाच मी ते कापड काढून घ्यायला हवं होतं. पण मिसेस बार्टन म्हणाली, सगळ्यांत हेच भूत झकास झालंय. बाकीच्या दोघींनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या.

तेवढ्यात पोरांचा गलबला ऐकून अम्मा बाहेर आली. रमजानच्या मध्यात इथली अरबांची पोरं गळ्यात पिशव्या अडकवून सुकामेवा मागत येतात, ती तिला फार आवडायची. तसलंच काही असेल असं तिला वाटलं. दोन्ही मुठींत बदाम-खजूर घेऊन ती आली होती. "घ्या रे बाळांनो," म्हणाली आणि तिची नजर त्या कापडावर गेली.

मुठी सुटल्या. बदाम फरशीवर सांडले. तिनं लैलाच्या अंगावरून कापड ओढून घेतलं आणि छातीशी धरून रडायला लागली. "जित्या पोराच्या आंगावर कफन... या अल्ला, माज्या पोरीला सांभाळ." लैलाला चाचपून बघत होती, तिच्या अंगावर दुवा पढून फुंकत होती. कापडापेक्षा तिला पोरीची चिंता होती, हे मला तेव्हासुद्धा दिसलं. बाकीची पोरं घाबरून मडमांना बिलगली.

मिसेस बार्टननं मला हळूच विचारलं, "ह्या कोण?"

मी म्हटलं, "आमची आया."

कुणी खोटं बोलायला सांगितलं नव्हतं, विचार करायला वेळही नव्हता. तोंडातून निघून गेलं. मडम समजुतीनं हसली, पोरांना घेऊन वरच्या मजल्यावर गेली. अम्मा वाकून एकेक बदाम वेचत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण तिची थोरली बहीण मुंबईत साहेबाच्या घरी आया होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नंतर मी म्हटलं, अम्मा, मी भोकं शिवून देते. ती म्हणाली, "कफनाला टाका घालायचा नसतो, रबिया." दुसरं कापड आणू का विचारलं, तर म्हणाली, "त्याला झमझम कुठनं आणशील?" भोकं आत दुमडून तिनं घडी घातली आणि ट्रंकेत ठेवली. दुसऱ्या गोष्टीबद्दल ती एक शब्द बोलली नाही, आणि मीही बोलले नाही.

आठवड्यानं मिसेस बार्टन चहाला आली. मी अम्माला हाक मारणार, आज ओळख करून देणार, असं मनाशी पक्कं ठरवलं होतं. तर अम्माच स्वयंपाकघरातून ट्रे घेऊन आली, पदर डोक्यावर नीट घेतलेला. कप ठेवले आणि दाराशी जाऊन उभी राहिली. मडमेनं तिला आपलं एक जुनं स्वेटर दिलं. अम्मानं वाकून सलाम केला.

मडम गेल्यावर मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "अम्मा, असं का केलंत?"

"तू बोलून बसलंस. आता मी सासू म्हणून पुढं आले तर ती तुनाच खोटी म्हणंल," ती म्हणाली. "माजं काय, मी महिनाभराची पावणी."

मडमेच्या टाचा अजून जिन्यात वाजत होत्या. चार पायऱ्या उतरले असते तर झालं असतं. मी दार लावून घेतलं. त्यानंतर ती चार वेळा आली, चारही वेळा अम्मा दाराशी उभी राहिली. अशरफना मी काही कळू दिलं नाही.

डिसेंबरात बोट आली. अशरफ ड्यूटीवर, म्हणून मिसेस बार्टननं आम्हांला आपल्या गाडीतून धक्क्यावर सोडलं. अम्मानं तेच स्वेटर घातलं होतं. ट्रंक हमालानं वर नेली. मडमेनं लैलाचा गाल कुरवाळला आणि विचारलं, "तुझी आया चालली. आठवण येईल ना तुला?"

लैलानं माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे बघायला लागले. मग ती तिच्या शाळेतल्या फाडफाड इंग्रजीत म्हणाली, "हो. फार चांगली आया होती आमची."

अम्मानं विचारलं, "काय बोललं पोर?"

"तुमची आठवण येईल म्हणते," मी म्हटलं.

अम्मानं लैलाच्या केसांवरून हात फिरवला, पिशवी उचलली. "त्यातला एक शब्द मना कळतो, रबिया," ती म्हणाली आणि शिडी चढायला लागली.