उलटी लव

मास्तरांना कापडावरची खडूची रेघ दिसेनाशी झाली आणि त्यांनी घरी बसायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या रिकाम्या स्टुलावर थोरली मनातल्या मनात केव्हाच बसून मोकळी झाली होती.

स्टूल म्हणजे काही सिंहासन नव्हतं. कापायच्या लांब टेबलाच्या टोकाशी ठेवलेलं, उंच, मास्तरांनी बसून बसून गुळगुळीत केलेलं. पण त्यावरून सगळा कारखाना दिसे. मशीनवाल्या बायकांच्या दोन रांगा, मागचं इस्त्रीचं टेबल, कोपऱ्यात मान मोडून काजं करणारी काजवाली, आणि दारातून आत येणाऱ्या मालकीणबाई. पडदे, गणवेश, गाद्यांच्या खोळी, जे येईल ते तिथे शिवलं जाई. त्या काळी कापायचं सगळं काम हातावर चाले, आणि हात म्हणावा तर थोरलीचा. तिने कात्री लावली की कापड आपणहून बाजूला होतंय असं वाटे. तिच्या हातून कधी वीतभर कापड वाया गेलं नव्हतं. मग मास्तर दुसरं कोण होणार?

मालकीणबाईंनी धाकटीचं नाव घेतलं.

धाकटी म्हणजे थोरलीची सख्खी जाऊ. धाकट्या दिराची नोकरी डळमळीत होती तेव्हा थोरलीनेच शब्द टाकून तिला इस्त्रीच्या टेबलावर लावली होती. कात्री कशी धरायची तेही तिनेच शिकवलं, आणि तरी धाकटीची रेघ आजही जराशी तिरकी जायची. त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थोरलीनेही वाजवल्या. हसली तर इतकी, की गाल दुखायला लागले.

घरी आल्यावर सासूबाई समजुतीने म्हणाल्या, "स्टूल घरातल्या घरात राहिलं, मग झालं तर." थोरलीने भाकरी नसतानाही तवा आपटला. नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकं काढलं. तिने त्याला विचारलं, माझ्यात काय कमी आहे ते तरी सांगा. तो म्हणाला, "कामात काहीच नाही. पण मी इतकी वर्षं तुझ्या हाताखाली आहे. हाताखालच्याचे काय हाल होतात ते मला विचार." आणि आपल्याच विनोदावर हसत बसला. रात्रीच्या जेवणात त्याच्या आमटीत मीठ नव्हतं.

त्या दिवसापासून थोरलीचं काम एकच. हात कापडावर आणि डोळे धाकटीवर. ही कुठे चुकते ते पाहायचं.

पाहण्यासारखं बरंच होतं. पहिल्याच आठवड्यात धाकटीने मास्तरांचं स्टूल उचलून खिडकीशी नेलं आणि त्यावर काजवालीला बसवलं. खाली वाकून तिची मान धरायची, उंच बसल्यावर काम डोळ्यांसमोर येईल म्हणून. काजवालीची मान सुटली आणि काजंही सरळ यायला लागली, पण थोरलीला ते बघवेना. ज्या स्टुलासाठी आपण जन्म घालवला त्यावर काजवाली! स्वतः धाकटी दिवसभर उभी, कधी या मशीनपाशी, कधी त्या. कुणी काही विचारलं तर पटकन उत्तर देत नसे. "तुला काय वाटतं?" असं उलट विचारी. थोरली शेजारणीच्या कानात म्हणाली, स्वतःला येत नसलं की असंच विचारावं लागतं. शेजारीण हसली नाही. तिला नुकतंच कुणीतरी पहिल्यांदाच विचारलं होतं.

गणवेशांच्या बाह्या आखूड झाल्या तेव्हा मालकीणबाई तणतणत आल्या. माप माझ्याकडून चुकीचं सांगितलं गेलं, असं धाकटीने सरळ सांगून टाकलं, आणि दुपारपर्यंत बाह्या उसवून घेतल्या. खिसे मात्र फार सुंदर बसलेत असं त्या म्हणाल्या, तेव्हा ती म्हणाली, "ते जाऊबाईंचं काम." थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. आता हिच्याकडून शाबासकी घ्यायची!

मग नाटकगृहाच्या पडद्याचं काम आलं. गडद लाल मखमल. एवढं भारी कापड त्या टेबलावर पूर्वी आलं नव्हतं. मालकीणबाईंनी बजावलं, हे नीट झालं तर पुढची सगळी नाटकगृहं आपली. नाही झालं, तर मला मास्तरांच्या जागेचा पुन्हा विचार करावा लागेल. हे शेवटचं वाक्य थोरलीने मनात जपून ठेवलं.

मखमलीला लव असते. एका बाजूने हात फिरवला तर मऊ लागते, उलट फिरवला तर खरखरीत. पडद्याचे सगळे पट्टे एकाच दिशेच्या लवेचे जोडावे लागतात, नाहीतर उजेडात एक पट्टा वेगळ्याच रंगाचा दिसतो. म्हणून मास्तरांचा दंडक होता, की पट्टा कापला की टेबलावरून उचलण्याआधी मागच्या बाजूला खडूने बाण काढायचा. थोरलीला बाणाची गरज नव्हती, तिच्या तळव्याला लव कळे. तरी मास्तरांसाठी ती बाण काढत आली होती. धाकटीच्या तळव्याला मात्र काही कळत नसे. गरम इस्त्रीने तिचे तळवे केव्हाच चामड्यासारखे झाले होते.

या वेळी थोरलीने सगळे पट्टे कापले आणि बाण काढले नाहीत.

धाकटीने विचारलं, जाऊबाई, बाण राहिलेत का? थोरली कात्री पुसत म्हणाली, "मला लागत नाहीत. ज्यांना मास्तर म्हणतात त्यांना कळत असेलच." मशीनवाल्या बायका खाली बघायला लागल्या. धाकटी "बरं" म्हणाली, आणि पट्ट्यांची चळत जशी आहे तशीच उचला, फिरवू नका, असं बायकांना सांगून गेली. पण चळत उचलताना घसरली. सावरताना एक पट्टा फिरला, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

पडदा शिवून, घडी घालून टेबलावर ठेवला होता. थोरली कात्री घ्यायला वाकली आणि सवयीने तिचा तळवा मखमलीवरून फिरला. मऊ, मऊ, मऊ, आणि एकदम खरखरीत. तिचा हात थबकला. कारखान्यातल्या मंद उजेडात डोळ्यांना काही दिसत नव्हतं. तळव्याला दिसलं होतं.

इस्त्रीच्या टेबलापाशी धाकटी पडद्याच्या कड्या मोजत होती. तिने मान वर केली. "काय झालं, जाऊबाई?"

एक शब्द बोलली असती तर संध्याकाळपर्यंत शिवण उसवून झाली असती. थोरलीने हात काढून घेतला.

"काही नाही. सूत होतं."

धाकटी तिच्याकडे क्षणभर बघत राहिली आणि पुन्हा कड्यांकडे वळली. थोरली त्या दिवशी घरी जाताना हलकी होऊन चालली. आमटीतही मीठ पडलं. नवरा म्हणाला, आज काय विशेष? ती म्हणाली, काही नाही, उद्या पडदा चढतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या जणी नाटकगृहात गेल्या. दोरांवरून पडदा वर गेला, कुणीतरी दिवे लावले, आणि लाल पडद्याच्या बरोबर मध्यावर वरपासून खालपर्यंत एक फिकट पट्टा उभा राहिला. नाटकगृहाचे व्यवस्थापक पडद्याजवळ आले. त्यांनी घड्याळ पाहिलं. संध्याकाळी प्रयोग होता.

थोरलीला वाटलं होतं की या क्षणी तिला फार बरं वाटेल. वाटलंही, पण मालकीणबाई तिच्याकडे वळेपर्यंतच.

"तुझ्या हाताखालून गेलं ना हे कापड? तुझ्या हाताला नाही कळलं?"

तेवढ्यात धाकटी पुढे झाली. "कापण्यात काही चूक नाही, बाई. बाण नव्हते हे मला माहीत होतं. तरी मी पट्टे जोडायला दिले. पडदा मी पास केला." मग व्यवस्थापकांकडे वळून तिने सांगितलं, की प्रयोगाआधी पडदा नीट होईल. मशीन आणि इस्त्री आणायला तिने माणूस पाठवला, पडदा खाली घ्यायला लावला आणि म्हणाली, "जाऊबाई, माझ्या हाताला यातलं कळत नाही. आता तुम्ही सांगाल तसं."

रंगमंचाच्या फळ्यांवर पडदा पसरला होता, सगळ्या बायका थोरलीच्या तोंडाकडे बघत होत्या. हेच तर तिला हवं होतं. तिने भराभर हुकूम सोडले. तू इथून उसव, तू तिथून, कडा ओढू नकोस, एवढंही कळत नाही? काजवालीचा हात तिच्या आवाजाने दचकला आणि उसवायच्या पात्याचं टोक मखमलीत शिरलं. लहानशी चीर गेली. थोरली म्हणाली, "वाटलंच होतं. स्टुलावर बसवून ठेवल्या की अशाच होतात." त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. शंका आली की बायका थांबत, पण विचारत नसत. काम मुंगीच्या पावलांनी चाललं, आणि थोरलीला कळेना की हुकूम इतके बरोबर असताना हात इतके हळू का चाललेत.

धाकटी काजवालीशेजारी मांडी घालून बसली. तिने उसवायची कडा दोन्ही हातांनी ताणून उजेडात धरली. चीर शिवणीच्या आत जाईल, घाबरू नकोस, म्हणाली. मग दुसऱ्या बाजूच्या बाईला विचारलं, तुला कुठे अडलं? तिने सांगितलं. धाकटी म्हणाली, हे जाऊबाईंनाच विचार, त्यांच्याएवढं कुणालाच माहीत नाही. त्या बाईने भीत भीत विचारलं, आणि थोरलीला नीट उत्तर द्यावं लागलं. तिसरीनेही विचारलं. हळूहळू हात पुन्हा चालू लागले. थोरली सांगत होती आणि धाकटी तिचं सांगणं बायकांच्या गळी उतरवत होती. ते पाहताना थोरलीला जसा हेवा वाटला तसा स्टुलाचाही कधी वाटला नव्हता.

पट्टा फिरवून जोडला गेला. दिवे लावले तेव्हा सगळा पडदा एका रंगाचा होता. मालकीणबाईंनी नुसती मान हलवली, आणि स्टुलाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

परतताना दोघी जावा मागे राहिल्या.

"ते सूत नव्हतं, ना?" धाकटी म्हणाली.

थोरली चालत राहिली.

"तुमचा हात थांबलेला मी पाहिला होता. तेव्हाच पडदा उलगडायला हवा होता. तुमचं तोंड पाहिलं आणि भ्याले. म्हटलं, रोज एका स्वयंपाकघरात उभं राहायचंय, कशाला. ती माझी चूक. पुन्हा भिणार नाही. यापुढे बाणाशिवाय पट्टा टेबलावरून उठणार नाही. तुम्ही कापलेला असला तरी."

ती रागावून बोलली असती तर थोरलीला सोपं गेलं असतं. चार शब्द तिनेही सुनावले असते. जेवताना धाकटीने नेहमीसारखं तिला वाढलं, आणि सासूबाईंना पडदा छान झाला एवढंच सांगितलं.

पुढची मखमल निळी होती. थोरलीने पहिला पट्टा कापला, उलटा केला, आणि खडू घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत एक भलामोठा बाण ओढला. धाकटी टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"एवढा मोठा, जाऊबाई? रस्त्यावरूनसुद्धा दिसेल."

"दिसू दे," थोरली मान वर न करता म्हणाली. "मास्तरांचे तळवे जाड आहेत आमच्या."

मशीनवरच्या बायका हसल्या. धाकटी सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसली आणि पट्टा उचलून घेऊन गेली. थोरलीने खिडकीकडे पाहिलं. काजवाली स्टुलावर ताठ बसून काम करत होती. थोरलीला ते अजूनही बघवत नव्हतं, पूर्वीइतकंच. तिने खडूचं टोक घासून धारदार केलं आणि दुसरा पट्टा पुढे ओढला.