गुलाबी चिठ्ठी

लेम्युएल हॅस्किन्स निवडणुकीत दोनदा पडला होता. यंदा पक्षाने बजावलं होतं, की आता पडलास तर उमेदवारीही गेली आणि पक्षाच्या पेपरचं संपादकपदही. वकिली होती, पण तिला अशील नव्हते.

मतदानाच्या चिठ्ठ्या ज्याच्या त्याच्या पक्षाच्या छापखान्यातून निघत; ज्याची चिठ्ठी पेटीत टाकली, त्याला मत. विरोधी उमेदवार कटलरच्या चिठ्ठ्या नेहमी गुलाबी. म्हणून हॅस्किन्सने महिनाभर पेपरात छापलं, 'गुलाबी चिठ्ठी चोराची! हात लावू नका!' कटलरने गुपचूप जिल्ह्यातला सगळा पांढरा कागद उचलला आणि बाजारात उरला फक्त गुलाबी. मतदानाच्या सकाळी हॅस्किन्स स्वतःच्याच गुलाबी चिठ्ठ्या घेऊन पेटीपाशी उभा होता.

पहिला आला जोसाया बिंगहॅम, पेपरचा जुना वर्गणीदार. त्याला वाचता येत नसे, बायको वाचून दाखवायची.

"घे जोसाया, माझी चिठ्ठी."

"गुलाबी? छ्या! हॅस्किन्ससाहेबांनी बजावलंय."

"अरे बाबा, हॅस्किन्स मीच!"

"ते दिसतंय. पण पेपरात आलंय ना?"

"मीच छापलं ते! पाया पडतो, विसर!"

जोसायाला वाईट वाटलं. "साहेब, पडायच्या भीतीने माणूस काहीही बोलतो. पण पेपरला खोटं पाडू नका." त्याने कटलरची पांढरी चिठ्ठी पेटीत टाकली. मागच्या रांगेने माना डोलावल्या.

संपादकपदाच्या बारा वर्षांत गावाने हॅस्किन्सचं काहीच ऐकलं नव्हतं, आज सगळं ऐकलं. शेवटी हॅस्किन्सने आपली गुलाबी चिठ्ठी पेटीत टाकली, तेव्हा रांगेतून कुणीतरी ओरडलं, "फितूर!"