माझ्यावर ठेवलेला कप

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. काळ्या रेक्झिनची, कडेला नाडी असलेली. माझ्या पाठीवर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. मला बोलायची सवय नाही. त्यामुळे हे नीट सांगता येईल की नाही, याची शंका वाटते. पण राग आला आहे, आणि तो आता माझ्यात मावत नाही.

माझा जन्म मंचरला झाला, १९९९ साली. बहिरू नावाचा कारागीर जीपच्या सीटांची कव्हरे शिवायचा. उरलेल्या रेक्झिनमधून त्याने मला शिवले. मला शिवून घेणारे होते शिनोलीचे सावळेराम पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवून त्यांनी मुलीला, कल्याणीला, पुण्याच्या चित्रकला महाविद्यालयात शिकवले होते.

"टाका पक्का घाल. पोरीचं काम हाये आत," सावळेराम म्हणाले.

"पेंटर, हिच्यावर म्हैस बसली तरी टाका उसवायचा न्हाई," बहिरू म्हणाला.

म्हैस कधी बसली नाही. बसले ते दुसरेच काही.

कल्याणीने माझ्या पोटात आपली वीस कामे लावली. मला सर्वांत प्रिय होते बटाट्याच्या गोणीवरचे चिन्ह. त्यासाठी ती चार दिवस मंचरच्या बाजारात हमालांमध्ये उभी राहिली होती. थप्पी लावताना गोणी कधी सुलटी पडते, कधी उलटी. उलट्या गोणीवरचे व्यापाऱ्याचे नाव घाईत वाचता येत नाही आणि माल भलत्याच गाडीत चढतो. कल्याणीने मधे बटाटा काढला, एक पान वर, एक पान खाली. गोणी कशीही फिरवा, चिन्ह सारखेच दिसे. ते सापडण्याआधी तिची अकरा चिन्हे फसली होती. ती फेकायला निघाली, तेव्हा सावळेरामांनी तिचा हात धरला.

"चुकल्यालं बी लाव. हात कसा वळला, ते त्यातच दिसतं."

म्हणून ती अकरा चिन्हे माझ्या शेवटच्या पानावर आहेत.

२००१ साली मंचरच्या एका छापखान्यात डिझायनरची जागा निघाली. कल्याणी मला छातीशी धरून एस.टी.ने गेली. मालक रखमाजीशेठ चहा पीत होते. तिने मला टेबलावर ठेवले. शेठनी कप माझ्यावर ठेवला.

"कोरल येतं का?"

"येतं. कम्प्युटरवर चित्रंही काढते त्यात."

"लग्नपत्रिका किती वेळात लावशील?"

"आधी मजकूर बघून मग..."

"वेळ इचारला मी. लग्न ठरलंय का तुझं? न्हाई म्हंजी आमी शिकवायचं, आन् तू जायची सासरी."

"नाही ठरलं."

"आडनाव काय म्हणली?"

तिने सांगितले.

"शिनोलीत राहता कुठल्या अंगाला?"

तिने तेही सांगितले. "असं व्हय," शेठ म्हणाले. त्यानंतर ते तिच्याकडे बघून बोलले नाहीत.

"शेठ, फाईल बघता का?"

"ठिवून जा. सवडीनं बघू."

मित्रांनो, मी आठ दिवस त्या टेबलावर होते. माझ्यावर कप आले, भज्यांचे कागद आले, शेठचे कोपर आले. माझी नाडी कुणी सोडली नाही. डिझायनर हवा म्हणणाऱ्या माणसाने त्या मुलीचे लग्न पाहिले, आडनाव पाहिले, घराची दिशा पाहिली. चित्र तेवढे पाहिले नाही. नाडी सोडायला किती वेळ लागतो हो? माझे टाके संतापाने ताणले गेले होते. जागा शेठच्या भाच्याला मिळाली आणि कल्याणी मला परत घेऊन आली.

घरी सावळेरामांनी विचारले, "बघितलं का गं त्येंनी?"

"हो आबा. आवडलं म्हणाले. पण जागा आधीच भरली होती."

माझ्यावरचा ताजा डाग सावळेरामांना दिसत होता. त्यांनी तो ओल्या फडक्याने घासला. तो निघाला नाही.

पुढे गोणीचे ते चिन्ह बाजारातल्या साळुबाईंनी घेतले. त्यांचा बटाट्याचा व्यापार होता. हमालांना ते आवडले, कामे येत गेली आणि कल्याणीने मंचरलाच स्वतःचे दुकान काढले. मी वरच्या फळीवर गेले. धूळ बसली, पण मला वाईट वाटले नाही. माझी मुलगी उभी राहिली होती.

आणि परवा, यंदाच्या २००८ सालात, एका दुपारी मी फळीवरून जे पाहिले त्याने माझा सगळा राग परत आला.

ओतूरची तेजस्विनी नावाची मुलगी नोकरी मागायला आली होती. हातात कापडी फाईल, घरी शिवलेली. कल्याणी कम्प्युटरवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लावत होती. तिने मान वर केली नाही.

"कोरल येतं का?"

"येतं, मॅडम."

"स्पीड कसाय? आणि ओतूरहून रोज जमेल? लग्नाचं काही चाललंय का घरी?"

बोलता बोलता कल्याणीने हातातला कप ठेवला. त्या कापडी फाईलवर.

मित्रांनो, मी ओरडले. रेक्झिनचा आवाज कुणाला ऐकू येतो? रखमाजीशेठचा आला नव्हता एवढा राग मला कल्याणीचा आला. तिला तर ठाऊक होते!

"ठेवून जा. दोन दिवसांनी फोन कर," ती म्हणाली. मुलगी पायरी उतरली.

कोपऱ्यात सावळेराम खुर्चीवर बसले होते. आता पाट्या रंगवणे त्यांना झेपत नाही.

"कल्याणे," ते म्हणाले, "कप उचल."

"आबा, काम चाललंय."

"कप उचल आधी!"

तिने कप उचलला. कापडावर गोल डाग होता. ती तो बघत राहिली. मग तिने वर माझ्याकडे पाहिले. सात वर्षांनी पाहिले.

"तेजस्विनी! ए, थांब गं!" ती दारात धावली.

मुलगी परत आली. कल्याणीने मान खाली घालून नाडी सोडली. चार पाने उलटली आणि विचारले, "सगळं नीटच आहे की. तुझं चुकलेलं कुठंय? ते दाखव मला."

"ते घरी ठेवलंय, मॅडम. लाज वाटली."

"उद्या घेऊन ये."

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या मालक होईल, कुणी साहेब. तुमच्या टेबलावर कुणी आपले काम ठेवले, तर कप दुसरीकडे ठेवा आणि आधी नाडी सोडा. माझा राग गेलेला नाही. तेजस्विनीच्या फाईलवरचा डागही जाणार नाही.